दहा व्हाइल

"आता आरोपीच्या जबानीचा मुद्दा," जज्जसाहेब आम्हा ज्युरीतल्या पंचांकडे वळून म्हणाले आणि चष्मा काढून पुसायला लागले. ते चष्मा पुसायला लागले की कुणाचं तरी वाईट होणार, एवढं मला एव्हाना कळलं होतं.

पिंजऱ्यात विल्फ ॲक्रॉइड उभा होता, सूतगिरणीतला पोरगा. त्याच्या मावशीचा खून झाला होता आणि आरोप त्याच्यावर होता. गुन्हा शाबीत झाला तर फाशी. आमच्या इंग्लंडात तेव्हा ती अजून होती. शाबीत झाला की नाही ते आम्ही बारा जणांनी सांगायचं. त्यात मी एक, बेकरी चालवणारी विधवा. आयुष्यात पाव सोडून कशाचा निवाडा केला नव्हता.

"पोलिसांना हा म्हणाला, 'दहा व्हाइल मी तिथं नव्हतो'," जज्जसाहेब सांगत होते. "म्हणजे दहा वाजले असताना हा मावशीच्या घरी नव्हता. इथे मात्र शपथेवर सांगतो, दहाला मी गेलो तेव्हा ती मरून पडली होती. दोन्ही खरं कसं असेल? अशी फिरवाफिरवी करणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांना काय किंमत द्यायची, तो निर्णय अर्थात तुमचा."

'अर्थात तुमचा' म्हणताना त्यांनी चष्मा अशा काही तोऱ्यात चढवला की निर्णय झालाच म्हणा. मलाही क्षणभर वाटलं, लबाडच दिसतोय मेला.

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या यॉर्कशायरात 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. 'पाच व्हाइल दुकान उघडं', 'सोमवार व्हाइल पाव नाही', असं मी दिवसभर गिऱ्हाइकांना सांगते. 'असताना' हा अर्थ लंडनकडचा. पोरगा म्हणत होता, दहापर्यंत मी तिथं नव्हतो. त्याच्या वकिलाने खुलासा मागितला तेव्हा या ठोंब्याने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, फक्त मोठ्याने. वकीलही लंडनचाच. आणि जबानी घेणारा इन्स्पेक्टर आमच्या गावचा असून आपल्या बुटांकडे बघत बसला होता.

आम्हाला खोलीत नेऊन बाहेरून कुलूप लावलं.

"जज्जसाहेबांनी सरळच सांगितलंय, खोटारडा आहे," थॅकरे म्हणाले. हे दुसऱ्या एका गिरणीचे मॅनेजर, आम्हा पंचांचे प्रमुख.

"अहो, पण 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत' ना? तुम्ही घरी काय म्हणता?"

"घरचं घरी, बाई. कोर्टात कोर्टाचा अर्थ."

"खरंय," शेजारी बसलेला खाटीक म्हणाला. "ते शिकलेले. आपण काय, हाडं तोडणारे."

सगळ्यांच्या माना हलल्या. अर्थ एकूण एकाला ठाऊक होता, आणि तरीही पोरगा लटकणार होता.

"मला जज्जसाहेबांना विचारायचंय," मी म्हटलं.

"मग तुम्हीच तोंड उघडा. मी नाही माझं हसं करून घेणार," थॅकरे म्हणाले.

पुन्हा कोर्टात गेलो. मी उभी राहिले. आता हे मलाच आत टाकतील, असं खरोखर वाटलं.

"मायलॉर्ड, आमच्याकडे 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. 'असताना' नाही."

साहेब इन्स्पेक्टरला म्हणाले, "हे खरं?"

"होय, मायलॉर्ड."

"मग इतके दिवस तुम्ही काय करत होता?"

इन्स्पेक्टरने पुन्हा बुटांकडे नजर वळवली. साहेब आमच्याकडे वळले. आवाज साधा होता, हात चष्म्याकडे न जाता टेबलावर होते.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. या माणसाने पोलिसांना आणि तुम्हाला एकच गोष्ट सांगितली आहे. फिरवाफिरवी मी त्याच्या माथी मारली, ती मनातून काढून टाका. आणि माझ्या बोलण्यावरून, चेहऱ्यावरून माझं मत तुम्हाला कळलं असं वाटलं असेल, तर तेही काढा."

खोलीत परतल्यावर थॅकरेंनी विचारलं, "मग साहेबांचं मत काय आता?"

कुणी हसलं नाही. पहिल्यापेक्षा मोठी भीती आता सगळ्यांच्याच तोंडावर दिसत होती, कारण मागे लपायला जज्ज उरला नव्हता. आम्ही पुरावा पहिल्यापासून चिवडला. मावशीच्या शेजारणीने ऐकलेली किंकाळी दहाच्या आधीची. पोराच्या बाहीवरचं रक्त तर मावशीला उचलू पाहणाऱ्या कुणालाही लागलं असतं. खोटेपणा वजा केला तर हातात एवढंच उरत होतं. अख्खी फाशी एका शब्दाला टांगलेली होती.

"निर्दोष," थॅकरे भर कोर्टात म्हणाले.

विल्फ मटकन खाली बसला. तेवढ्यात कारकून पुढे झाला आणि त्याने साहेबांच्या हाताजवळचा काळ्या कापडाचा चौकोन उचलला. फाशी सुनावताना जज्ज तो डोक्यावर ठेवतात. आम्ही निकाल सांगण्याआधीच त्याची घडी मोडून ठेवलेली होती. मला आनंद वगैरे काही झाला नाही. कारकून तो घडी घालून नेईपर्यंत मी बाक घट्ट धरून उभी राहिले.