मास्तरांचं वाक्य

"डोळे मिटले की त्या माणसाचा चेहरा समोर येतो, मॅडम," असं म्हणून कैद्याने मान खाली घातली.

तुरुंगाच्या मानसतज्ज्ञ बाईंनी पेन खाली ठेवलं. कैदी सुटण्याआधी त्याच्याशी बोलायचं, तो खरंच बदललाय का ते समितीला कळवायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी त्यांनी चांगलं चालणारं समुपदेशन केंद्र सोडलं होतं.

"तुम्ही तर खोटे शिक्के बनवायचात. कुणाचा चेहरा येतो?"

कैदी गडबडला. "ते... ते मास्तरांनी सांगितलं नाही."

मास्तर म्हणजे शिवणखात्यातला शिंपी. भांडणात धाकट्या भावाला मारून आला आणि इथेच म्हातारा झाला. बाईंपुढे काय बोलायचं याची शिकवणी तो फुकट घेई, हे सगळ्या तुरुंगाला ठाऊक होतं. ज्यांचं कामच माणूस ओळखणं, त्या बाई तेवढ्या अंधारात! या एका वाक्यावर आपण किती जणांना घरी पाठवलं, या विचाराने त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

घरी आईने ताट वाढलं. "मन वाचायचं शिकलीस म्हणे. मग माझ्या मनात काय आहे सांग बघू."

"नोकरी सोड, हेच ना?"

"कळतं, पण वळत नाही," आई म्हणाली. त्या दिवशी बाईंना आईचं थोडंसं पटलंही.

पुढच्याच आठवड्यात मास्तरांची पाळी होती. बाईंनी खुर्ची नेहमीसारखी तिरकी ठेवली. समोरासमोर बसलं की माणूस साक्ष दिल्यासारखं बोलतो. तिरकं बसलं की खिडकीकडे बघत मोकळा होतो, असं त्यांच्या सरांनी शिकवलं होतं. आज मात्र म्हातारा ते वाक्य कधी म्हणतो, याचीच त्या वाट बघत होत्या.

मास्तरांनी आधी टेबलावरच्या पिशवीकडे बघितलं. "पट्टा उसवलाय तुमचा."

"भावाची आठवण येते?"

मास्तरांनी खिडकीकडे तोंड वळवलं. "येते. पण चेहरा येत नाही आता. आठवायला गेलं की आईचाच येतो. त्याचा पुसला गेला."

"आणि ते वाक्य? सगळ्यांना शिकवता ते?"

"ते माझंच हो. सुरुवातीला रोज यायचा तो डोळ्यांपुढे. एकाला जवळचा म्हणून सांगितलं, त्याने इथे येऊन तेच म्हटलं आणि सुटला. मग जो तो विचारायला लागला. म्हटलं, जाऊ दे, कुणाच्या तरी उपयोगी पडतंय."

"मग आज तुम्ही का नाही म्हटलंत?"

"आता येत नाही ना तो," मास्तर म्हणाले. एवढी साधी गोष्ट यांना कळू नये, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

इतक्या दिवसांत या खोलीत ऐकलेलं हे पहिलं खरं बोलणं होतं. त्यांनी अहवालात ते शब्द न् शब्द उतरवलं आणि खाली सुटकेची ठाम शिफारस केली.

समितीने अर्ज फेटाळला. ज्याला मारलं त्याचा चेहरासुद्धा आठवत नाही, तर पश्चात्ताप कसला, असा शेरा आला. शिक्केवाल्याचं वाक्य पढवलेलं म्हणून बाईंनी अहवालातून गाळलं होतं. तरी समितीने त्याला समोर बोलावलं, तिथे तो तेच बोलला आणि सुटला.

निरोप सांगायला बाई स्वतः शिवणखात्यात गेल्या. मशीन थांबवून मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"माझ्यामुळे झालं, मास्तर. मी वेगळ्या शब्दांत लिहायला हवं होतं."

"तुम्ही मी बोललो तेच लिहिलंत ना? मग झालं तर." त्यांनी हात पुढे केला. "आणा ती पिशवी. अजून तशीच आहे."

सुईत दोरा ओवायला त्यांना वेळ लागला. बाईंनी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी मानेनेच नाकारला. मग बारीक, जवळजवळ टाके घालत त्यांनी पट्टा दुहेरी शिवला.

"उद्या दोन पोरं येणार आहेत शिकवणीला," ते मान वर न करता म्हणाले. "त्यांना काय सांगू, मॅडम? खरं बोला म्हणू?"

मास्तरांनी दोरा दाताने तोडला, पट्टा ओढून पक्का आहे ना ते पाहिलं, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.