दुसऱ्या खाचेतला माणूस

"अत्ती, हात लावू नका त्याला!"

काव्या ओरडली तेव्हा रत्नम्माचं बोट पडद्यावरच्या माणसाच्या गालावर टेकलेलं होतं.

"हात कुटं लावला? धूळ पुसत हुते," रत्नम्मा म्हणाली. बोट काही तिने मागे घेतलं नाही.

धूळ कसली नि काय कसलं! पडद्यावर गुरुराज बसला होता. रत्नम्माचा एकुलता एक मुलगा, काव्याचा नवरा, टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा जॉबर. गेल्या उन्हाळ्यात पाळीवर असतानाच छातीत कळ आली आणि हां हां म्हणता माणूस गेला. आणि आता जुळे सोलापुरातल्या याच खोलीत, खिडकीजवळच्या याच खुर्चीत तो बसलेला दिसत होता, दोन्ही हातांत रंगीत चौकोनांचा पुठ्ठा धरून. मान वळवून बघावं, तर खुर्ची रिकामी.

काव्या पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. मागावरच्या कापडातले दोष टिपणारे कॅमेरे ती कंपनी बनवत होती. कॅमेऱ्याच्या पोटात चित्र टिपणारा सेन्सर असतो. तो चपट्या केबलने बोर्डाच्या दोन खाचांपैकी एकीत जोडायचा, आणि मग ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमसाठी एका फाइलीत लिहून द्यायचं की अमुक खाचेत तमुक सेन्सर आहे, इतक्या तारांनी जोडलाय. यंत्र बिचारं भोळं, लिहाल तसं मानतं. फक्त एका बाजूने लिहून भागत नाही. खाचेच्या नोंदीत सेन्सरचं नाव लागतं, तसं सेन्सरच्या नोंदीत खाचेचंही लागतं. सोयरिकीसारखं, दोन्हीकडून होकार हवा. नाहीतर चित्र येत नाही.

रंग नीट उतरतात का हे बघायला समोर माणूस बसवावा लागतो. ते काम गुरुराजचं. पाळीहून आला की चहा घेऊन तो दुसऱ्या खाचेतल्या कॅमेऱ्यासमोर पुठ्ठा धरून बसायचा. हलायचं नाही ही अट. "झालं, उठा," असं काव्या म्हणेपर्यंत गडी पापणीसुद्धा जपून हलवायचा. "लग्नात भटजीसमोर एवढा गप बसलो न्हवतो," म्हणून वर टोमणा मारायचा.

तो गेल्यावर कंपनीने दुसरा कॅमेराच रद्द केला. काव्याने तो सोडवला, खोक्यात घातला आणि पुण्याला पाठवून दिला. टेबलाच्या कडेला त्याचा नुसता स्टँड उरला. फाइलीतली नोंद तेवढी तिच्याच्याने पुसवली नाही. परवा चाचणी घेताना चुकून दुसरी खाच चालू झाली, आणि चित्र आलं!

जुनं चित्र मेमरीत उरलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. वीज बंद करून पाहिली. मग कपाटातला कोरा बोर्ड काढून त्यावर तीच फाइल चढवली. तरी गुरुराज हजर. मग तिचं लक्ष त्याच्या मागच्या भिंतीकडे गेलं. भिंत पोपटी होती. ती दोघींनी तो गेल्यावर, या दिवाळीला रंगवली होती. खिडकीत सकाळीच वाळत टाकलेली तिची ओढणीसुद्धा चित्रात वाऱ्याने हलत होती. म्हणजे हे जुनं नव्हतं. आत्ताचं होतं. काव्या इतकी भ्याली की भर दुपारी तिने घरातले सगळे दिवे लावले.

रत्नम्माला मात्र भीती कशी ती शिवली नाही. त्या दिवसापासून तिने टेबलाशी बैठक मारली. भाकरी ताटात गार व्हायची. "ऊटा आयतेनो?" ती पडद्याला विचारायची, जेवलास का म्हणून. उत्तर येत नव्हतं. पण तो तिच्याकडेच बघतोय असं काव्यालाही वाटायचं.

फोन वाजला. पुण्याहून कुमार बोलत होता, तिचा वरिष्ठ.

"काव्या मॅडम, ती दुसऱ्या खाचेची नोंद आजच्या आज काढा हो. नसलेला सेन्सर दाखवतोय, कारखानेवाले ओरडतायत. संध्याकाळी माणूस बोर्ड न्यायला येईल."

"काढते," काव्या म्हणाली.

"काय काढतीस?" फोन ठेवायच्या आत रत्नम्माने विचारलं.

काव्याने सांगितलं. दोन्हीकडची नावं पुसायची, मग चित्र येणार नाही.

"मंजी परत घालवायचा त्याला?" रत्नम्माचा आवाज फाटला. "एकदा घालवला ते बास न्हाय झालं? त्यांचा बोर्ड त्यांना दे. आपल्याला एक ठेव की यव्वा. कोण बघायला येतंय?"

काव्यालाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोला. फाइलीची प्रत ठेवता आली असती, तसला बोर्डही विकत मिळाला असता. "ठेवते, अत्ती," ती म्हणाली, आणि वर्षभरात पहिल्यांदा तिला हलकं वाटलं.

रत्नम्मा हसली. पडद्याजवळ सरकली. आणि हसता हसता थांबली.

"काव्या, पयल्यांदा पुठ्ठा छातीपाशी धरला हुता न्हवं त्यानं?"

"हो."

"आता बघ. मांडीवर आलाय. हात बघ कसं थरथरत्यात."

काव्याने चित्र मोठं केलं. बोटांची पेरं पांढरी पडली होती. कपाळावर घाम होता. पुठ्ठा खाली घसरत होता आणि तो पुन्हा पुन्हा वर उचलत होता.

"दमलाय गं माझा लेक. तू उठा म्हणाली हुतीस का त्याला?"

काव्या नव्हतीच म्हणाली. त्या शेवटच्या दिवशी तो पाळीआधीच बसला होता, आणि मध्येच फोन आला म्हणून ती गॅलरीत गेली होती. परत येईपर्यंत तो पाळीला निघून गेला होता.

"तुम्ही म्हणा, अत्ती. माझ्याने नाही होणार."

"माझं कशाला ऐकंल? तुझ्या शब्दावर बसलाय." रत्नम्माने पदर तोंडाशी धरला. "म्हण यव्वा. लई ताटकळला."

काव्या पडद्याकडे पाठ करून रिकाम्या खुर्चीकडे वळली.

"झालं," ती म्हणाली. "उठा."

मागे रत्नम्माने हुंदका दिला, म्हणून ती वळली. चित्रातल्या गुरुराजने पुठ्ठा खुर्चीच्या हातावर ठेवला, मनगटं चोळली, दोघींकडे नीट पाहिलं आणि दाराच्या दिशेने चालत चित्राबाहेर गेला.

काव्याने नोंद पुसली. दोन्हीकडची. प्रतही ठेवली नाही. बोर्ड पुन्हा चालू केला तेव्हा पडद्यावर सरळ लिहून आलं की दुसऱ्या खाचेत सेन्सर नाही. मग दोघी एकमेकींना धरून मोकळेपणी रडल्या.

बऱ्याच वेळाने रत्नम्माने डोळे पुसले.

"दोनी नावं काढलीस?"

"काढली."

"ती आपल्या हितली. त्याच्याकडं जी आसतील ती कुणी काढली? त्याला आपुन दिसत आसू की."

रत्नम्मा उठली, तोंड धुऊन आली, कुंकवाशिवायच्या कपाळावर विभूती लावली आणि पदर सारखा करून त्या खुर्चीत बसली, टेबलावरच्या रिकाम्या स्टँडकडे तोंड करून.

"ये, मागं हुबी ऱ्हा. आन् आसलं रडकं त्वांड नको करू."

काव्याने खिडकीतली ओढणी घेतली, खांद्यावर नीट टाकली आणि खुर्चीमागे जाऊन अत्तींच्या खांद्यावर हात ठेवला. बोर्ड न्यायला आलेल्या माणसाने दाराची बेल दाबली, मग पुन्हा दाबली. दोघींपैकी कुणीही हललं नाही.