मास्तरांना न आलेला शब्द

मी इंग्रजीचा मास्तर. बी.ए. झालेला, आणि त्याचा माज असलेला. जवळा बाजारच्या अलीकडं आमचं गाव. तिथं इंग्रजी कागद आला की आधी माझ्याकडं यायचा. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर पद्माबाई असाच कागद घेऊन पारावर आली. तिनं अंबाडीचं नवं बियाणं लावलं होतं, त्याच्याबरोबर आलेला तो कागद. अंबाडीच्या सालीचा वाख, म्हणजे धागा, काढायचा, दोर वळायचे, बाजारात विकायचे, त्यावरच तिचं घर चालायचं.

"मास्तर, नव्या अंबाडीचं काय कराया सांगितलं हाय?"

वाचलं. कापा, पेंढ्या बांधा, मग 'रेट' करा. भावाचा रेट नव्हे. हे कुठलं तरी जुनाट क्रियापद. मला येईना. पारावर कायम बसणाऱ्या कोंडीबासकट दहा माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. येत नाही म्हणायला जीभ वळेना.

"वाळवा," मी ठोकून दिलं. "कडक वाळवा."

"काहून? आमी तर नाल्यात कुजत घालतो. पाण्याबिगर वाख सुटल कसा?"

"बाई, इंग्रजी तुम्हाला जास्त कळतं का मला?" मी खेकसलो, तशी ती कागद घेऊन निघाली. दोन दिवसांनी तिच्या कुंपणावर पेंढ्या वाळताना दिसल्या. शाळेत जाताना रोज दिसायच्या, आणि रोज मी मान वळवून पुढं जायचो.

बारा दिवसांनी परभणीला गेलो, तेव्हा एका कॉलेजात जाडजूड शब्दकोश उघडला. रेट करणे: ताग, अंबाडी वगैरे धागा सुटेपर्यंत पाण्यात मुरत ठेवणे. म्हणजे बाई म्हणत होती तेच! नाला आटत चालला होता. पाणी संपलं की तिचं वर्षाचं पीक चुलीत जाणार. एस.टी.त वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

उतरलो तो थेट तिच्या दारात. "पद्माबाई, चुकलो मी. मला तो शब्द येतच नव्हता. आत्ताच्या आत्ता पेंढ्या पाण्यात घाला, मी उचलू लागतो."

ती मला नाल्यावर घेऊन गेली. दगडाखाली दाबलेलं अख्खं पीक पाण्यात होतं. तिनं एक काडी ओढली, साल अलगद हातात आली.

"मग कुंपणावरच्या?"

"त्या चारच हायेत. तुमाला दिसाव्या म्हणून. चारचौघांत तुमचा शब्द खाली पडाया नको. लेकरं तुमच्यापाशीच शिकतात."

मला रडू आलं. खरंच आलं.

"तुमाला येत न्हाई ते म्या तवाच वळखलं," ती म्हणाली. "पर तुमी कवा सांगता, वाट पाहून राहिले व्हते. आता सांगितलंत, झालं. जाऊ द्या."

"जाऊ द्या कसं?" मी तिच्यावर पुन्हा खेकसलो आणि तडक पार गाठला. कोंडीबा बसलेलाच होता.

"लेका, माणसं गोळा कर," म्हणालो. "एका शब्दाचा अर्थ सांगायचाय. पद्माबाईला आधीपासून येत होता. मला आज आला."