राशीच्या पोटातली मासोळी

चोर दिवसाढवळ्या आले, ऐन दसऱ्याला आले, आणि जाताना आमच्या तात्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवून, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," म्हणत पाया पडून गेले. हे आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि मग हसूही येतं, काय करणार.

पंचावन्न साल होतं. हुपरीच्या अलीकडे, जिथं आता पंचतारांकित एमआयडीसीचे कारखाने उभे आहेत, तिथं तेव्हा तांबडा माळ होता आणि माळावर नजर जाईल तिथवर भुईमूग. दसरा त्या वर्षी उशिरा आला होता. शेंगा तोडून, वाळवून सात घरांच्या सात राशी एकाच मोठ्या खळ्यावर लागल्या होत्या. गाव सगळं बैलगाड्या जुंपून कोल्हापूरला दसरा बघायला गेलं. राखणीला राहिले माझे चुलत सासरे तात्या, ज्यांना हाताच्या अंतरावरचं माणूस ओळखू येत नव्हतं. दुपारी चौदा गाड्या आल्या. "मालकांनी माल पेठेत मागवलाय," असं गाडीवानांच्या म्होरक्याने सांगितलं. तात्यांनी सगळ्यांना पाणी पाजलं, वर पोती उचलायला हातही लावला. आम्ही दिवस मावळता परतलो, तर खळ्यावर शेंग औषधालाही शिल्लक नव्हती.

त्या पंधरवड्यात माळावरची आणखी तीन गावं अशीच साफ झाल्याचं नंतर कळलं. त्या वेळी आम्हाला फक्त आमचं मोकळं खळं दिसत होतं. धोंडुबाई, शेजारच्या घरातली, ओटीत आपट्याची पानं तशीच घेऊन खळ्याच्या मधोमध बसली ती उठेना. वर्षाचं तेल गेलं होतं, आणि पुढच्या पेरणीचं बीही गेलं होतं.

माझ्या सासूबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या रडल्या नाहीत. त्यांनी फक्त एकदा म्हटलं, "त्येंनी आणल्यालं बी हुतं ते." सासऱ्यांनी कुठूनसं आणलेलं ते बी अक्कांनी ते गेल्यावर बावीस वर्षं दरसाल राखून, निवडून, पुन्हा पेरून जगवलं होतं. दुष्काळातही त्यातली मूठभर शेंग त्यांनी कुणाला खाऊ दिली नव्हती. तसलं बी माळावर दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. रास परत मिळाली नाही तर ते कायमचं संपणार होतं.

आता माझं पाप सांगते. आमच्या गावाची रीत अशी की रास लागली की घरच्या सुवासिनीने उजव्या पायाच्या बोटातली मासोळी काढायची आणि राशीच्या पोटात घालायची. रास म्हणजे लक्ष्मी, ती बिनदागिन्याची घराबाहेर जाऊ नये म्हणून. मापाच्या दिवशी मासोळी परत निघायची. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मास्तरांची मुलगी, फायनल पास. मला हा खुळेपणा वाटायचा. त्यातून माझ्या मासोळ्या वडिलांनी हुपरीत मुद्दाम घडवून घेतलेल्या, माशाच्या डोळ्यात लाल मिना भरलेल्या. मी सगळ्यांसमोर मूठ राशीत घातली आणि मासोळीसकट बाहेर काढली. वाड्यात जाऊन गुपचूप पायात चढवली. फसवल्याचा मला आनंदही झाला होता, लपवत नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताच मौलाली खळ्यावर आला. मौलाली आमचा नालबंद. पंचक्रोशीतल्या बैलांचे खूर त्याच्या हाताखालून गेलेले. खळ्याच्या तोंडाशी सांडलेल्या पाण्याने चिखल झाला होता, तिथं तो उकिडवा बसला आणि बोटाने माग चाचपू लागला.

"ह्यो नाल माझा हाय," तो म्हणाला. "आतल्या अंगाला एक खिळा कमी. कागलच्या अड्ड्यावरल्या आकारामचा बैल हाय ह्यो. खूर चिरलाय त्येचा, म्हणून मीच ठोकला न्हवता खिळा."

आमचे हे, म्हणजे सयाजीराव, एरवी ताटावरून उठायला दोनदा हाक मारावी लागणारा माणूस. पण त्या दिवशी ते मौलालीला सायकलवर डबलसीट घेऊन असे सुटले की धोतराचा सोगा चेनमध्ये अडकून फाटला तरी थांबले नाहीत. आकाराम गाडीवान बिचारा सरळ होता. भाडं मिळालं, माल वाहिला, एवढंच त्याला ठाऊक. त्याने वखार सांगितली. कोल्हापुरात, स्टेशनाच्या मागे, यज्ञेश्वर शेटची.

नऊच्या सुमाराला निरोप आला. सात घरांच्या बायका, पुरुष, जे होते ते तीन गाड्यांत कोंबले गेले. मी अक्कांच्या शेजारी होते. वाटेत बैलांच्या घुंगरांपेक्षा माझं काळीज जास्त वाजत होतं. सगळ्या बायकांच्या तोंडी एकच विषय, "मासोळ्या निघतील की. मासोळ्या निघाल्या म्हंजे झालं." मी उजवा पाय पोटाशी ओढून घेतला आणि वर लुगडं नीट झाकलं. अक्का रस्त्याकडे बघत होत्या.

वखारीत फौजदार आधीच आले होते. सात थप्प्या लागलेल्या होत्या. चोरांनी एकेक रास वेगळी भरली होती आणि ती तशीच उतरवली होती. यज्ञेश्वर शेट गादीवर पान लावत होता.

"माल मी रीतसर घेतलाय," तो म्हणाला. "शेंगेवर काय कुणाचं नाव लिहिलंय?"

"नाव न्हाय, पर खूण हाय," धोंडुबाई गरजली, आणि तिने मासोळीची रीत फौजदारांना सांगितली.

फौजदार हुशार. त्यांनी आधी सगळ्या बायकांकडून आपापल्या मासोळीचं वर्णन लिहून घेतलं, डाव्या पायातली जोडीची मासोळी पाहिली, आणि मगच पोती फोडायला सांगितलं. माझी पाळी आली. मी डावा पाय पुढे केला. "चांदीची. डोळ्यात लाल मिना," मी म्हणाले.

पहिली थप्पी जमिनीवर ओतली. मौलाली चाळण धरून बसला, बायका दोन्ही हातांनी शेंगा उपसू लागल्या. धुळीने सगळ्यांची तोंडं तांबडी झाली. तिसऱ्या पोत्यातून चाळणीवर टण्णकन वाजलं. धोंडुबाईची मासोळी! तिने ती कपाळाला लावली आणि शेटकडे असं बघितलं की त्याचं पान हातातच राहिलं. मग दुसरी निघाली, तिसरी निघाली. बाहेर हमालांची, टांगेवाल्यांची गर्दी जमली. प्रत्येक मासोळीला ओरडा होऊ लागला. सहा राशींच्या सहा मासोळ्या निघाल्या.

सातवी रास आमची.

शेट आता घाईघाईने उठला. "ही थप्पी यांची नव्हे, साहेब. ही मी हुपरीच्या बाजारात घेतलीय. हिच्यात काही सापडायचं नाही."

"खूण निघाली नाही तर ही इथंच राहील," फौजदार म्हणाले.

पोती ओतली. शेंगा घोट्यापर्यंत आल्या. मी ढिगातच बसकण मारली, दोन्ही पाय शेंगांखाली पुरले. वरून दोन्ही हातांनी शेंगा चाळत होते आणि खाली डाव्या पायाच्या अंगठ्याने मासोळी ढकलत होते. निघेना. गाडीत मुडपून बसून पाय सुजला होता. घाम डोळ्यांत उतरला. माझ्या खुळ्या शहाणपणापायी अक्कांची बावीस वर्षं या वखारीत राहणार होती, हे मला त्या क्षणी जेवढं कळलं तेवढं पुन्हा कधी कळलं नाही. मी दात आवळून जोर केला. कातडं सोलवटलं आणि मासोळी सुटली. हात घातला, वर काढला.

"सापडली!"

केवढा ओरडा झाला. ह्यांनी टोपी उडवली. फौजदारांनी मासोळी घेऊन माझ्या डाव्या पायाशी ताडून बघितली आणि मान डोलावली. मी अजून श्वास सोडते आहे तोच चाळणीवर पुन्हा वाजलं.

मौलालीने बोटांत काहीतरी धरलं होतं. "वैनी, ही कुणाची? हिला मिना न्हाय."

जुनी, झिजून पातळ झालेली मासोळी.

"बघा, साहेब," शेट म्हणाला, "एका राशीत दोन खुणा! यातली एक आत्ता, तुमच्या डोळ्यांदेखत टाकलीय."

खरं बोलला मेला. फौजदारांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

अक्का उठल्या. पदर सारखा केला. जुन्या मासोळीकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "ती माझी. आतल्या बाजूला आडवी चीर हाय, आन् ती तांब्याचा डाग दिऊन सांधलीय. बघा."

फौजदारांनी उजेडात धरून बघितलं. चीर होती, तांब्याचा डागही होता.

"पण दोन कशा, बाई?"

"एक सासूची, एक सुनंची," अक्का म्हणाल्या. "लक्ष्मीला काय एकच पाय असतुय व्हय, सायेब?"

आधी मौलाली हसला, मग हमाल हसले, मग फौजदार. शेटला मात्र हसू आलं नाही. त्याला टांग्यात पुढे बसवूनच फौजदार ठाण्याकडे निघाले.

परतताना अक्का आणि मी आमच्याच पोत्यांवर बसलो होतो. माळ लागला तेव्हा मी म्हटलं, "अक्का, विधवा बाईनं राशीत काही घालायचं नसतं ना?"

"न्हाय घालायचं."

"मग?"

"तुझी मूठ झाकून आत गेली आन् झाकूनच भाईर आली. बघितलं मी," त्या म्हणाल्या. "रास तशीच कशी ठिवायची? ट्रंकंत पडलीती बावीस वर्सं. घातली." मग माझ्या सोललेल्या बोटाकडे बघून त्यांनी लुगड्याच्या काठाने रक्त पुसलं. "घरी गेल्यावर हळद लाव."

मला रडू आवरेना. त्यांनी पाठीवर हात तेवढा ठेवला.

पुढच्या वर्षी त्याच बियाची रास लागली. मी सगळ्यांसमोर मूठ उघडून मासोळी दाखवली आणि राशीत घातली. मग अक्कांचा हात धरून त्यांनाही पुढे आणलं आणि त्यांची झिजलेली मासोळी गावादेखत घालायला लावली. दोन म्हाताऱ्या कुजबुजल्या. धोंडुबाईने त्यांच्याकडे एकदाच वळून बघितलं आणि त्या गप्प झाल्या.