गणपतीआधी सात आठवडे

जास्वंद छाटायची ती गणपतीच्या सात आठवडे आधी. सिंगापूरला थंडी-उन्हाळा असला भेदभाव नाही, बारा महिने घाम; तेव्हा झाडाला ऋतू आपणच लावून द्यायचा. सेरंगूनच्या आमच्या भाड्याच्या कोंडोत तळमजल्याला टीचभर अंगण आहे. तिथे आठ वर्षं मी हेच करत आलो, आणि चतुर्थीला लाल फुलं हजर. त्याची मी इतकी बढाई मारायचो की मित्र वैतागले असतील.

यंदाही जुलैतल्या रविवारी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन बसलो. फरक एवढाच, की पंधरा दिवसांपूर्वी तांजोंग पगारच्या ऑफिसात मला एका खोलीत बोलावून घरी पाठवलं होतं. नोकरी गेली की इथं राहायचा पासही जातो. एक ऑगस्टची पुण्याची तिकिटं काढून झाली होती. झाडं छाटून जागा परत द्यायची, ही घरमालकाची अट. माझ्या बायकोला, उल्काला, सगळं ठाऊक होतं. दहा वर्षांच्या गार्गीला नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू करत मी टाळत होतो. मला स्वतःलाच काही वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसा मी झालो होतो.

हात मात्र नीट चालत होते. आधी वाळकं काढायचं, मग आत वळलेल्या फांद्या. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या, म्हणजे नवी फूट येते त्या जागेच्या, जरा वर, तिरका काप.

गार्गी येऊन काटक्या गोळा करायला लागली. मग बोटांवर मोजलं. "सात आठवडे. सेकंड सप्टेंबर. परफेक्ट लाह, बाबा!" असं शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणून ती कॅलेंडरवर खूण करायला आत पळाली.

उल्का खिडकीत आली. "निशिकांत, आता तरी सांग तिला."

गार्गी परत आल्यावर सांगितलं. नोकरी, पास, एक ऑगस्ट. मीटिंगमध्ये आकडे वाचावेत तसं. ती रडली नाही, झाडाकडे बघत राहिली.

"मग हे कशाला कापलंस?"

"घरमालकाला हवंय म्हणून."

"फुलं येतील तेव्हा आपण नसणार. मग कोण बघणार?"

एकच फांदी राहिली होती, कळ्या धरलेली. सवयीनं सिकेटर तिच्याकडे नेला. गार्गीनं माझं मनगट धरलं.

"ही नाही."

"झाड वेडंवाकडं दिसेल गं."

"दिसू दे." तिनं कळ्या मोजल्या. पाच होत्या. जास्वंदीचं फूल एकच दिवस टिकतं, हे मीच तिला शिकवलं होतं. "बाबा, आपण गणपती आधीच बसवूया ना. पाच दिवसांचा."

असं करता येत नाही, हे सांगायला तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा.

सिकेटर मिटून खिशात घातला. घरमालकाला काय म्हणायचं ते म्हणू दे.