खडप उघडं होतं तोवर

वादळ गेलं, समुद्र निवळला, तरी रोझबेल रडली नाही. आणि ती रडत नव्हती म्हणून रोवाक बेटावरची माणसं जेवत होती.

रीतच तशी होती. समुद्राने माणूस ठेवून घेतला, की त्याच्या बायकोने किनाऱ्यावर जाऊन गळा काढायचा. आधी बायकोने, मग आईने, मग बाकीच्यांनी. तो आवाज कानी पडला, की चीफने नामेलेच्या झाडाचं पान तोडून खडपाच्या तोंडाशी रोवायचं. मग नवी कोनफळं निघून मयताचं मोठं जेवण होईपर्यंत त्या प्रवाळाच्या खडपावर कुणी पाय ठेवायचा नाही. मासा नाही, खेकडा नाही, शिंपलीसुद्धा नाही. आणि बायको रडलीच नाही तर माणूस मेलेला नाही, नुसता बाहेर गेलेला आहे.

एरवी याचं कुणाला काही वाटत नसे, कारण एरवी मागे मळे असत. मासा नसला तर कोनफळ होतं, केळी होती, नीरफणस होते. या खेपेला वाऱ्याने मळे खरवडून नेले. झाडांवर पान राहिलं नाही, आणि जमिनीत जे कंद उरले होते ते खारं पाणी शिरून सडायला लागले. पडलेले नारळ आणि खडप, एवढंच खायला उरलं होतं.

रोझबेल गावाच्या वादळ समितीची सेक्रेटरी होती. रेडिओ तिच्याकडे, ताडपत्र्यांचं पिंप तिच्याकडे, वादळाच्या इशाऱ्याचे झेंडेही तिच्याकडेच. तिने सगळं वेळच्या वेळी केलं होतं. निळा झेंडा लागला तेव्हा छपरांवरून दोर टाकून घेतले, केळींचे शेंडे छाटून घेतले, चर्चमध्ये पाणी भरून ठेवलं. पिवळा लागला तेव्हा तिचा नवरा ओबेद आपली इंजिनाची होडी घेऊन भरतीला पाण्याने तुटणाऱ्या समोरच्या टेकाडावरची माणसं आणायला गेला. सगळ्यांना घेऊन आला, फक्त म्हातारा सायलस तेवढा आला नाही, कारण त्याला आपली डुकरीण सोडवत नव्हती. ओबेद त्याच्यासाठी पुन्हा गेला. वादळानंतर ओहोटीला सायलस डुकरिणीसकट चालत आला. दोघं गुहेत बसून होते. होडी त्याने पाहिलीच नव्हती. पुढे होडीची एक फळी किनाऱ्याला लागली, आणि ती कुणाची हे विचारायची कुणाला गरज पडली नाही.

फळी सापडली त्या दिवशी चीफ हॅरोल्ड रोझबेलच्या दारात येऊन बसला. दार म्हणजे नुसती चौकट. भिंती गेलेल्या होत्या. विधवेला रडू नको म्हणणं हे चीफलाही शोभत नाही, उलट त्याचंच तोंड काळं व्हायचं. म्हणून तो खेकड्यांबद्दल बोलला.

"खडपावर खेकडे आहेत म्हणे अजून."

"आहेत, काका."

"मोठे?"

"बरे आहेत."

"लहान पोरांना बरं असतं ते. नुसत्या खोबऱ्याने पोटं बिघडलीत त्यांची." मग बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "बोट कधी येतेय, काही कळलं?"

"मोठ्या बेटावरून निघाली नाही अजून."

"हं. बोट आली म्हणजे मग काही नाही. मग तांदूळ येतील." त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. "मग ज्याला जे करायचं ते करता येईल."

रोझबेलला सगळं समजलं. तिने मान हलवली, टोपली उचलली आणि सगळ्यांच्या देखत खडपावर खेकडे धरायला गेली. नवऱ्याची फळी हाती आल्यावर बायको त्याच दिवशी खेकडे धरते हे रोवाकने कधी पाहिलं नव्हतं. पण ती गेली म्हटल्यावर बाकीच्या बायकाही मान खाली घालून तिच्या मागोमाग गेल्या.

पहिले दोन दिवस तिला हुंदका दाबून धरावा लागला. तो छातीत वर चढायचा आणि ती काहीतरी मोजायला घ्यायची, ताडपत्र्या, दोर, काहीही. मग एका सकाळी तिच्या ध्यानात आलं, की आता दाबायला काही येतच नाही. बरंच झालं, असं तिला वाटलं. तिने रेडिओ लावला.

"रोवाक, मृत किती? ओव्हर."

"कुणी नाही. ओव्हर."

"बेपत्ता?"

"कुणी नाही. एक जण बाहेर गेलाय."

"कुठे बाहेर?"

"बाहेर," ती म्हणाली. "तांदूळ कधी पाठवताय तेवढं सांगा. ओव्हर."

सासू मागे बसून ऐकत होती. मेरिअम तिचं नाव. समुद्रातलं काही तोंडात घालायचं तिने सोडलं होतं. ज्याने माझं पोर खाल्लं त्याचं मी खाणार नाही, म्हणे. खोबऱ्याच्या किसावर ती दिवस काढत होती आणि दिवसेंदिवस आक्रसत चालली होती. पण जिभेचं वजन काही घटलं नव्हतं.

"बाहेर गेलाय! दुकानात साखर आणायला गेलाय जसा."

"आत्या, दोन घास मासा खा. रस्सा तरी घ्या."

"तुझ्या छातीत काळीज आहे की होडीचा नांगर गं?"

"असेल नांगर."

"असेल म्हणे! अगं, माझा घसा आतून सोलून निघालाय. तुझ्याआधी मला तोंड उघडता येत नाही, नाहीतर एव्हाना मी अख्खं बेट उठवलं असतं. कुत्रं मेलं तरी माणूस चुकचुकतो. माझ्या पोराला तेवढंही मिळालं नाही."

"बोट आली की."

"बोट!" म्हातारी थुंकली.

तिचं चुकत नव्हतं, हे रोझबेलला कळत होतं. तिला म्हातारीचा राग येत नव्हता, कीव येत नव्हती, दुसरंही काही येत नव्हतं. तिने रस्सा झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो आंबला म्हणून टाकून दिला आणि पुन्हा खडपावर गेली.

आणि बोट आली बरं का! पांढरी, चकचकीत, वर झेंडा. पोरं ओरडत पाण्यात धावली. बायकांनी केस मोकळे सोडले, मेरिअम किनाऱ्यावर येऊन पाय पसरून बसली, चीफने नामेलेचं पान पाठीमागे धरलं होतं. आणि खोक्यांतून निघाला साबण. साबण, निळ्या बादल्या आणि हात कसे धुवावेत त्याची रंगीत चित्रं. ज्या बेटावर धुण्यासारखं भांडं उरलं नव्हतं तिथे हात धुवायची चित्रं! सोबत आलेला शर्टवाला मुलगा भला होता. पहिली बोट स्वच्छतेची, अन्नाची त्यानंतर, असा क्रमच आहे म्हणाला. त्याने रोझबेलची सही घेतली आणि ती ठीक आहे ना, असंही विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

चीफने पान हळूच झुडपात टाकलं. बायकांनी केस पुन्हा बांधले. कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. तेवढ्यात सायलस म्हणाला, "साबणाचा रस्सा करायचा का गं?" आणि एक-दोघी हसल्या, आणि मग हसल्याची लाज वाटून गप्प झाल्या. रोझबेलने साबण घरटी वाटून दिला.

त्यानंतरचे दिवस तिला नीट आठवायचे नाहीत. खडप उघडं होतं, पण अख्खं बेट त्यावर तुटून पडल्यावर ते तरी किती पुरणार. खेकडे लहान होत गेले. ती कमरेइतक्या पाण्यात उभी राहून दगड उलटायची. कधी तिला वाटायचं, की आपणच आता एक दगड झालो आहोत, कुणी उलटलं तर खाली काही सापडायचं नाही. मेरिअमला उठून बसवेना. चीफ यायचा, खेकड्यांबद्दल बोलायचा, निघून जायचा.

तांदळाची बोट आली ती दुपारी, काही न कळवता. गंजकी, नेहमीची, कोकम रंगाची मालबोट. पोरं या खेपेला धावली नाहीत. पण पोती उतरायला लागली. खरी पोती, शिवलेली, आत तांदूळ. पुरुष पाण्यात रांग करून उभे राहिले आणि पोतं हातोहात किनाऱ्यावर येऊन पडू लागलं. एक, दुसरं, मग एवढी की थर लागला. नवी कोनफळं निघेपर्यंत पुरतील एवढे तांदूळ. एका बाईने पोत्याच्या शिवणीतून दोन दाणे ओढून तोंडात टाकले आणि तसेच कच्चे चावले.

चीफ रोझबेलपाशी आला. आता खेकड्यांचं नाव काढायची गरज नव्हती.

"पोरी," तो म्हणाला, "झालं. आता मोकळी हो."

बायका गोळा झाल्या. मेरिअमला दोघींनी उचलून आणलं आणि वाळूवर बसवलं. सगळं बेट रोझबेलच्या तोंडाकडे बघायला लागलं. ती पाण्याच्या कडेला गेली आणि तिने तोंड उघडलं.

आवाज नाही. तिने श्वास घेतला, पुन्हा उघडलं. नुसती हवा गेली. तिने ओबेदला आठवून पाहिलं, त्याचे कान, त्याची चाल, आणि सगळं आठवलं, पण खोक्यांतून निघालेल्या त्या चित्रांसारखं. किती दिवस तिने ते झाकून ठेवलं होतं. आता झाकण काढलं तर आत काही नव्हतं.

"येत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?" चीफ गोंधळला.

"येत नाही, काका. मी काय करू?"

असं कधी झालंच नव्हतं, त्यामुळे यापुढे काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ती रडली नाही तर ओबेद मेला नाही. मेला नाही तर त्याचं जेवण नाही, त्याच्या आईला रडणं नाही, आणि तो असाच बाहेर राहणार, जन्मभर. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मेरिअमने मान खाली घातली. बडबड करायलाही तिच्यात जीव उरला नव्हता, आणि ती गप्प बसली हेच रोझबेलला सगळ्यात वाईट वाटलं. म्हणजे वाटायला हवं होतं, असं तिला वाटलं.

पाणी चढत होतं. खालच्या थरातल्या पोत्यांना लाट येऊन लागली.

"तांदूळ भिजतील," रोझबेल म्हणाली. हे तिला कळत होतं. पुरुष अजून पाण्यातच होते, बायका जागच्या हलत नव्हत्या. ती पोत्यांकडे गेली, वाकली, एका पोत्याचे दोन्ही कान पकडले. जड होतं. एकटीने उचलण्यासारखं नव्हतं, आणि तिच्या घरात एकटीने कधी काही उचललं गेलंही नव्हतं. मान वर न करता ती समोर बघून वैतागून म्हणाली:

"उचल ना, ओबेद, बघतोस काय!"

आणि थांबली. पोत्याचं पलीकडचं टोक वर येण्याची वाट पाहत ती तशीच वाकून राहिली.

ते आलं नाही.

मग जो आवाज निघाला तो आधी कुणाला तिचा वाटलाच नाही. पाण्यातल्या पुरुषांच्या हातातली पोती तशीच राहिली. आवाज वर चढत गेला, फाटला, पुन्हा चढला, पण तिने पोत्याचे कान काही सोडले नाहीत. चीफ डोळे पुसत खडपाकडे निघाला होता.

मेरिअम उठली. कशी उठली कोण जाणे, पण उठली आणि धडपडत आली. आता तिला तोंड उघडायला कुणाची आडकाठी नव्हती. पण आधी ती खाली वाकली आणि तिने पोत्याचं दुसरं टोक धरलं.