डाव्या हाताचं पातं

डॉ. सुलक्षणा देवस्थळीच्या बैठकीच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीसमोरच्या भिंतीवर अकरा हत्यारं टांगलेली होती, आणि लेस्टरच्या मराठी मंडळात त्यावर भरपूर बोललं जायचं. बाईने विणकाम करावं, फार तर बोन्साय लावावेत. ही फिलिपिन्सच्या आदिवासींचे कोयते कसले गोळा करते? हे कानावर आलं की सुलक्षणा पुढच्या हळदीकुंकवाला बायकांना मुद्दाम त्याच भिंतीपाशी बसवायची.

हा नाद लागला तो एर्लिंडामुळे. ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स, फिलिपिन्समधल्या पनाय बेटावरची. एकदा जेवणाच्या सुट्टीत ती आजोबांच्या कोयत्याविषयी सांगत होती. पात्याची डावी बाजू सपाट आणि उजवीकडून धारेपर्यंत उतार, म्हणजे उजव्या हाताने घाव नीट बसतो. मग डावखुऱ्याने काय करायचं, असं सुलक्षणाने विचारलं. एर्लिंडाला प्रश्नातली अडचणच कळेना. लोहार आधी विचारतो ना, ती म्हणाली, कुठला हात? मग त्याप्रमाणे उतार काढतो.

सुलक्षणाचा घास हातातच राहिला. हे तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. नागपूरला वडिलांनी तिचा डावा हात पंच्याने खुर्चीला बांधून उजव्या हाताने अक्षरं गिरवून घेतली होती. प्रसाद घ्यायचा उजव्या हाताने, थोरांना पेला द्यायचा तोही उजव्याच हाताने. पुढे ती भूलतज्ज्ञ झाली. घशात नळी घालताना लॅरिंगोस्कोप सगळेच डाव्या हातात धरतात, त्यामुळे तेवढ्या एका जागी तिच्या हाताला कुणी टोकलं नाही.

त्यानंतरची पाच वर्षं तिने ही पाती ओळखायला शिकण्यात घालवली. तिथल्या डोंगरातल्या कलिंग जमातीची कुऱ्हाड कशी ओळखायची, दक्षिणेकडच्या मोरो लोकांच्या क्रिसवर, म्हणजे नागमोडी तलवारीवर, मुठीलगतचा सांधा खरा आहे की नुसती रेघ कोरून भासवलाय, हे ती भिंगाशिवाय सांगू लागली. हत्यारं जमवणाऱ्यांच्या एका जुन्या सोसायटीची ती सभासद होती. तिथले अध्यक्ष व्हिटकम यांच्या लाडक्या क्रिसवरची रेघ कोरलेली आहे, हे तिने गेल्या वर्षी भर सभेत दाखवून दिलं. ते त्यांनी मनात ठेवलं असणार.

२००६च्या उन्हाळ्यात लॉफबरोला एका म्हाताऱ्याच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं. तिथे छत्र्यांच्या स्टँडमध्ये तिला तलिबोंग, म्हणजे पनायचा कोयता, सापडला: मधोमध फुगलेलं पातं आणि एकदम वळलेली शिंगाची मूठ. तिने धार उजेडात धरली. उतार डाव्या बाजूला होता. घरी येईपर्यंत कापडात गुंडाळलेला तो कोयता तिने मांडीवरून खाली ठेवला नाही.

सोसायटीचं प्रदर्शन लायब्ररीच्या हॉलमध्ये भरायचं होतं, आणि त्याआधी प्रत्येक वस्तू अध्यक्षांच्या टेबलावरून जायची. सुलक्षणाने तलिबोंग पुढे केला. व्हिटकमनी धारेवरून नजर फिरवली आणि उतार चुकीच्या बाजूला आहे म्हणाले. कुणीतरी उलट्या छापलेल्या चित्रावरून पर्यटकांसाठी केलेली नक्कल असावी. ती वाद घालू लागली तशी त्यांनी कोयता परत दिला आणि वार करायला धरतात तसा धरून दाखवा म्हणाले. तिने धरला. मूठ तळव्यात बसेना, शिंगाचं टोक मनगटात रुतलं. तुमच्याच हातात बसत नाही, असं व्हिटकम अगदी मऊपणे म्हणाले, आणि टेबलाभोवतीचे सगळे हसले. लेबलवर ‘पर्यटकी नक्कल’ असं लिहायचं, नाहीतर ती वस्तू मांडायची नाही, असं ठरलं.

घरी उदयने सगळं ऐकून घेतलं. नवरा तसा भला. भांडण नको म्हणून हॉटेलात थंड सूपसुद्धा निमूट पिणारा.

"अगं, एक लेबल तर आहे. देऊन टाक लिहून," तो म्हणाला. "बाकीची दहा तर डिस्प्लेला लागतील."

ती स्टुलावर चढली. तोल जाऊ नये म्हणून उजव्या हाताने भिंत धरली आणि तलिबोंग डाव्या हाताने खिळ्याकडे नेला. तिचा अंगठा शिंगातल्या एका खळग्यात अलगद जाऊन बसला. बोटं आपोआप वळली. दुसऱ्या कुणाच्या तरी अंगठ्याने वर्षानुवर्षं दाबून झिजवलेली ती जागा होती.

"उदय, मी त्यांना उजव्या हातात धरून दाखवलं."

"मग कुठल्या हातात धरणार?" तो म्हणाला, आणि मग त्याची नजर तिच्या डाव्या हाताकडे गेली.

सुलक्षणा संतापली, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. चारचौघांत काही पुढे करायचं तर उजवा हात, हे तिच्यात इतकं मुरलं होतं की तो कोयता ओळखणारी एकटी ती, आणि तिनेच त्याला खोटं पाडलं होतं. वडील जाऊन वीस वर्षं झाली, पण पंच्याची गाठ काही सुटली नव्हती.

प्रदर्शनाच्या सकाळी तिने व्हिटकमसमोर तलिबोंग डाव्या हातात धरला. अंगठ्याचा खळगा दाखवला. मुठीजवळ पातं दगडावर घासून घासून अरुंद झालं होतं, तेही दाखवलं. शोभेच्या वस्तूला इतकी धार कोण लावत बसेल, असं विचारलं. व्हिटकमनी कोयता स्वतःच्या डाव्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मग ते म्हणाले, असेलही तसं, पण डावखुऱ्याचा तलिबोंग एकाही पुस्तकात नोंदलेला नाही आणि कमिटीचा निर्णय झालेला आहे. त्यांनी ‘पर्यटकी नक्कल’ असं टाइप केलेलं कार्ड तिच्या हातात दिलं.

"हे लागणार असेल तर माझी अकराच्या अकरा घरी जातील," सुलक्षणा म्हणाली. "आणि रिकाम्या काचपेटीपाशी मी दिवसभर उभी राहीन. लोक विचारतील, मी सांगेन. तुमच्या क्रिसबद्दल विचारलं तर तेही सांगेन."

व्हिटकमनी घड्याळाकडे पाहिलं. दार उघडायला दहा मिनिटं होती.

तिने कार्ड उलटं केलं, पर्समधून पेन काढलं आणि ते डाव्या हातात धरलं. अक्षरं वेडीवाकडी आली, एक ओळ तर चढत चढत कोपऱ्यात गेली. पण तिने सगळं लिहिलं: तलिबोंग, पनाय बेट. डावखुऱ्या माणसासाठी घडवलेला.

व्हिटकमनी चष्मा वर करून कार्ड वाचायचा प्रयत्न केला. निदान अक्षर तरी नीट काढा, ते म्हणाले, लोकांना वाचता यायला हवं.

"पहिल्यांदाच लिहितेय," ती म्हणाली, आणि कार्ड काचेआड ठेवलं.